एकाच अक्षरातली चार पत्रे

माझ्या नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. चोरीचा माल कुठल्या गुन्ह्यात विहिरीत सापडला आणि कुठल्या गुन्ह्यात कौलांखाली, असे कोणी विचारले तर मला जुने कागद काढावे लागतील. लालबागच्या रंगाच्या कारखान्याचे प्रकरण मात्र अजून वेगळे आणि लख्ख आठवते. त्यातली माणसे, त्यांचे बोलणे, कोण कुठे उभे होते हेसुद्धा. नावे मी मुद्दाम देत नाही. त्यांची मुले-नातवंडे आज हयात आहेत, आणि नावांवाचून हकिगतीत काही उणे राहत नाही.

मुंबईत प्लेगचे ते पहिले साल. मी तेव्हा जमादार होतो आणि लालबागची चौकी माझ्याकडे होती. सकाळी हजेरी झाली की निम्मे शिपाई म्युनिसिपालिटीच्या माणसांबरोबर जायचे. ती माणसे घरात शिरून कौले काढीत, भिंतींना चुना फाशीत, आणि लोक त्यांच्या अंगावर धावून जात. उरलेले शिपाई रिकाम्या पडलेल्या चाळींवर पहाऱ्याला. दुपारी रोजनामा लिहायला बसलो की त्यात दोनच गोष्टी असत : अमुक घरात मृत्यू, तमुक घर बंद. जो तो मुंबई सोडून चालला होता. डोक्यावर वळकट्या, कडेवर पोरे, रस्ता एकाच दिशेने वाहत होता. गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली होती.

अशा दिवसांत, माघ महिन्यात, एका सकाळी एक बाई चौकीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. वय पंचविशीच्या आतबाहेर, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, काखेत छोटे गाठोडे. आमच्या हवालदाराने दारातूनच विचारले, "कोण आजारी आहे, बाई?" त्या दिवसांत चौकीवर येणाऱ्याला हाच पहिला प्रश्न असे.

"आजारी कोण नाय," ती म्हणाली. "माजो घोव हय कारखान्यात आसा. तेंका भायर काढा."

ती भाषा कानावर पडताच मी खुर्चीवरून उठलो. मी स्वतः त्याच किनाऱ्यावरचा. मी तिला आमच्या बोलीत विचारले, "खंयसून इलंस, बाय?"

"आगबोटीन. काल सांजेक धक्क्यार उतरलंय."

धक्क्यावर त्या दिवसांत काय गर्दी असे ते मला ठाऊक होते. शेकडो माणसे बोटीवर चढण्यासाठी रेटारेटी करीत. त्या सगळ्यांच्या उलट ही एकटी बाई बोटीतून उतरून मुंबईत आली होती. मी तिला बसायला सांगितले. ती जमिनीवर बसली, गाठोडे सोडले आणि चार पत्रे काढून माझ्यापुढे ठेवली.

तिच्या गावातली चार माणसे त्या एका कारखान्यात होती. चारही घरांना आठ दिवसांच्या आत पत्रे आली. मी ती मोडीतली पत्रे वाचली. मायना वेगळा, बाकी मजकूर शब्दाला शब्द तोच. 'आम्ही येथे खुशाल आहोत. मालक फार दयाळू आहेत. औंदा कामाची गर्दी असल्याकारणाने शिमग्यास येणे होत नाही. वाट पाहू नये. येथे साथ आहे, तरी कोणी मुंबईस येऊ नये. मातोश्रींच्या प्रकृतीस जपावे.'

"ह्यात वायट काय आसा?" मी विचारले.

"माज्या सासूची तब्येत इचारलेली आसा," ती म्हणाली. "ती गणपतीत गेली. ते तेव्हा घराकडेच होते. तेंच्याच मांडीर डोक्या ठेवन म्हातारेन जीव सोडल्यान. मगे मेलेल्या आवशीची तब्येत कोण इचारता?"

मी पत्र खाली ठेवले.

"ही बाकीची तीन पत्रे तुझ्याकडे कशी?"

"घराघरान जावन मागून घेतलंय. पोस्टाच्या मास्तरांनी चारय वाचून दाखवल्यांनी. चारयत तसाच. म्हटलंय, चार माणसा येकाच तोंडान कशी बोलतली?"

गावात पुरुषमाणूस कोणी नव्हते का, असे विचारल्यावर ती सरळ म्हणाली, "आसत. पण मुंबैत रोग आसा म्हणान कोण येवक तयार नाय. मगे मी इलंय."

नवऱ्याची खूण विचारली. डाव्या हाताची करंगळी अर्धी, लहानपणी कोयत्याने तुटलेली. मी रोजनाम्यात नोंद घेतली.

हवालदाराने मला बाजूला घेतले. तो साताऱ्याकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, सरळ माणूस. "जमादारसाहेब, पिलेगाची कामं उरावर हाईत. गडी घरी जायाला टाळत असंल. त्यात आपून काय करनार?"

मी पत्रे त्याच्या हातात दिली. त्याला मोडी वाचता येत नव्हती. त्याने चारही कागद उजेडाला धरून पाहिले, उलटे केले, पुन्हा पाहिले. "चारी येकाच हाताची हाईत की वो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "दोन दिस द्या मला. डगला काढून त्या गेटापाशी बसतो."

बाईला त्याने आपल्या बायकोकडे खोलीवर पाठवले. ज्या दिवसांत माणसे सख्ख्या भावाला दारात उभी करीत नव्हती, त्या दिवसांत हवालदाराच्या घरच्यांनी परगावाहून आलेल्या अनोळखी बाईला जेवायला घातले आणि आपल्यातच निजवले. ही गोष्ट तेव्हा कोणी विशेष मानली नाही. मी आज मानतो.

दोन दिवसांनी हवालदार सांगू लागला : पिठाची पोती आत जातात, रंगवलेले सूत बाहेर येते. मजूर एकही बाहेर येत नाही. वरळीच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी त्या गेटाशी सुकी मासळी विकायला बसते, तिलाही त्याने बोलते केले होते. "संक्रांतीपासून कोनी भायेर येत नाय, दादा," ती म्हणाली होती. "मुकादमूच टोपली भरून आत नेते." एक माणूस मात्र रोज सकाळी आत जातो आणि संध्याकाळी बाहेर पडतो. काळी टोपी, हातात छत्री. कारखान्याचा कारकून, राहायला गिरगावात.

तिसऱ्या दिवशी मी पोशाख करून कारखान्यात गेलो. मालक पन्नाशीचे, गोड बोलणारे. त्यांनी मला आपल्या शेजारी बसवले.

"जमादारसाहेब, साऱ्या मुंबईत माणसं मरतायत. माझ्या आवारात एक माणूस आजारी नाही. का, ते सांगतो. मी कुणाला बाहेर सोडत नाही आणि बाहेरच्याला आत घेत नाही. सरकारनं खरं तर माझी पाठ थोपटली पाहिजे."

मी त्या बाईच्या नवऱ्याची चौकशी केली. "तो? तो गेला की गावाला, आठ दिवस झाले," मालक म्हणाले. थोड्या वेळाने अंगणातून जाताना मी सहज म्हणून मुकादमाला तेच विचारले. मुकादम म्हणाला, "तो दुसऱ्या गिरणीत लागला, साहेब." मी दोन्ही उत्तरे ऐकली आणि चेहऱ्यावर काही दाखवले नाही.

मालकांनी स्वतःहून मजुरांना रांगेत उभे केले. एकतीस माणसे, बहुतेक आमच्याच किनाऱ्याकडची. कोपरापर्यंत हात निळे. मालक माझ्या एका बाजूला, मुकादम दुसऱ्या बाजूला. मी मोठ्याने विचारले, "कोणाला इथून जायचं आहे काय?"

कोणी बोलले नाही. माणसे जमिनीकडे पाहत होती. मी एकेकाच्या डाव्या हाताकडे पाहत रांगेवरून गेलो. अर्धी करंगळी कुठे दिसली नाही. शेवटी एक म्हातारा उभा होता, गळ्यात तुळशीची माळ. मी त्याला आमच्या बोलीत नुसते विचारले, "बरा मां, आजोबानू?"

त्याने मान वर केली नाही. हळूच म्हणाला, "बरा. ह्या वर्सा पालखेचो मान दुसऱ्याच्या घराक गेलो, इतक्याच."

मुकादम परमुलखातला. त्याला यात काही कळले नाही. कळले असते तरी वावगे वाटले नसते. पण मी त्या मातीतला. शिमग्याला देवाची पालखी प्रथम खांद्यावर घेण्याचा मान ज्या घराकडे असतो, ते घर त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडते, कोर्टात जाते. आजारी माणूस त्या दिवशी अंथरुणातून उठतो. तो मान आपल्या राजीखुशीने सोडणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्या एका वाक्यात म्हाताऱ्याने माझ्याकडे फिर्याद दिली होती.

पण वाक्यावर गुन्हा नोंदवता येत नाही. मी निघालो. फाटकाशी कारकुनाने येणाऱ्याजाणाऱ्याची वही पुढे केली. त्यात त्याने माझे नाव, हुद्दा आणि आल्याची वेळ मोडीत लिहून ठेवली होती. मी सही करताना वरची ओळ नीट पाहिली. ओळ संपली की लेखणी न उचलता खाली ओढलेला लांब फराटा. ती चारही पत्रे मी इतक्या वेळा वाचली होती की तो फराटा मला पाठ होता.

चौकीवर आलो तर ती बाई पायरीवर बसलेली. "दिसले?" तिने विचारले.

"नाय."

तिचा चेहरा एकदम उतरला. मग तिने पदर सावरला. "मगे मी हयच बसतंय," म्हणाली. "दिसासर." म्हणजे नवरा दिसेपर्यंत.

त्या रात्री मी माझ्यावरच चिडलो होतो. ज्यांची भीती, त्यांनाच दोन्ही बाजूंना उभे करून मी माणसांना विचारले होते, तुम्हाला जायचे आहे काय. नवखा शिपाईसुद्धा असे करणार नाही. पण एका गोष्टीने मला बळ आले. मालक म्हणत होते, रोग आत येऊ नये म्हणून कोणाला सोडत नाही. मग कारकून रोज गिरगावातून, ऐन साथीतून येत होता तो कसा? रोग मजुरांच्याच अंगावरून आत येतो आणि कारकुनाच्या नाही, असे तर काही नव्हते.

रविवारी कारखाना बंद. मी शिपाई पाठवून कारकुनाला गिरगावातल्या त्याच्या चाळीतून बोलावून घेतले. सज्जन दिसणारा, चाळिशीचा माणूस. छत्री दोन्ही हातांनी धरून बसला. मी त्याला दरडावले नाही, हात लावण्याचा तर प्रश्नच नव्हता. भित्र्या माणसाला दरडावले की तो अधिकच मालकाच्या आड जाऊन बसतो, हा माझा अनुभव. मी बाईला आत बोलावले, समोर बसवले आणि एक पत्र त्याच्या हाती दिले.

"रावसाहेब, हिला वाचता येत नाही. जरा वाचून दाखवा."

त्याने कागद पाहिला आणि ओळखला. तरी त्याने वाचायला सुरुवात केली. खुशाल आहोत, मालक दयाळू आहेत, शिमग्यास येणे होत नाही. 'मातोश्रींच्या प्रकृतीस जपावे' या वाक्याशी आला, तसे बाईने त्याला थांबवले.

"दादानू," ती शांतपणे म्हणाली, "माजी सासू मेली. तुमी कोणाची तब्येत इचारतास?"

त्याने तिच्याकडे पाहिले. मला वाटते तोपर्यंत ती पत्रे त्याच्या लेखी नुसते कागद होते. ज्या घरी ती जातात तिथे माणसे आहेत, हे त्या क्षणी त्याला दिसले. त्याच्या हातातली छत्री खाली पडली.

"माझी आई आहे हो घरी," तो मला म्हणाला. "नोकरी गेली तर या दिवसांत कुठे जाऊ?"

"हिचा नवरा जिवंत आहे का, तेवढं आधी सांगा."

"आहे. आहे. कालपर्यंत होता."

बाईने डोळे मिटून घेतले.

मग त्याने जबानी दिली. मजूर एकतीस नव्हते, तेहतीस होते. संक्रांतीच्या सुमाराला सगळ्यांनी मिळून गावी जाऊ द्या म्हणून सांगितले, तेव्हापासून फाटकाला कुलूप. दोघे भिंतीवरून उडी टाकून निघाले होते. त्यांना पकडून, मारून, मागच्या रंगाच्या वखारीत कोंडले होते. त्यातला एक हिचा नवरा, उडीत त्याचा पाय मोडलेला. बाकीच्यांना मालकाने सांगून ठेवले होते : पोलीस आले आणि कोणी तोंड उघडले, तर पोलीस सगळ्यांना प्लेगच्या इस्पितळात नेतील, आणि वखारीतल्या दोघांना दाणापाणी मिळणार नाही. त्या काळी इस्पितळाच्या नावाने लोक किती थरथरत, हे आजच्या वाचकाला सांगून कळायचे नाही. ती एकतीस माणसे गप्प का उभी होती ते मला आता उमगले. त्या दोघांसाठी ती गप्प होती.

जबानी घेऊन मी आमच्या गोऱ्या सुपरिंटेंडेंट साहेबांकडे गेलो. साहेब वाईट नव्हते, पण थकलेले होते. कागद वाचून म्हणाले, "जमादार, गिरण्या ओस पडतायत. सगळे कारखानदार सरकारकडे धरणं धरून बसलेत की माणसं पळू देऊ नका. आणि तू आणखी तेहतीस माणसं पळवायला निघालास?"

मी ताठ उभा राहून म्हणालो, "साहेब, माणसं अडवायची असं सरकारनं ठरवलं तर सरकारचा हुकूम निघेल, मी तो बजावीन. असा हुकूम कारखानदारानं काढायचा नाही."

साहेबांनी कागदाची घडी करून तो माझ्या हाती परत दिला. नोकरी गेली असेच मला वाटले. मग त्यांनी टोपी उचलली. "चल, मॅजिस्ट्रेटच्या बंगल्यावर," म्हणाले. बाईने शपथेवर फिर्याद दिली, कारकुनाची जबानी जोडली, आणि बेकायदा कोंडलेल्या माणसांसाठी झडतीचे वॉरंट दुपारच्या आत हाती पडले.

मालक आणि मुकादम दोघेही जागेवर सापडावेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही गेलो. मी बरोबर एका सरकारी डॉक्टरला घेतले होते. मालकाची सबब प्लेगची, तेव्हा तिचे उत्तर आपल्या हाताशी असावे. बाईला हवालदाराजवळ फाटकाबाहेर उभे केले.

मालकांनी वॉरंट वाचले आणि करारनाम्यांची चळत काढली. "हे पाहा. प्रत्येकाचा अंगठा आहे. काम सोडून जाणारा मजूर कायद्यानं गुन्हेगार ठरतो."

तसा कायदा त्या वेळी खरोखरच होता. मी म्हणालो, "शेट, तो कायदा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायला सांगतो. कुलूप लावायला सांगत नाही. वखारीची किल्ली द्या."

किल्ली हरवली आहे, असे मुकादम म्हणाला. मी हवालदाराला हाक मारली. त्याने पहार घेतली आणि दोन घावांत कुलूप कडीसकट खाली पाडले.

आत पिंपांच्या मागे दोघे होते. एक भिंतीला टेकून उभा, दुसरा जमिनीवर, पाय सुजून घागरीएवढा झालेला. त्याने निळा पोशाख आणि पिवळी पगडी पाहिली मात्र, डावा हात पुढे करून गयावया करू लागला. करंगळी अर्धी होती. "मी आजारी नाय, साहेबानू. माका इस्पितळात नेव नकात. ह्यो नुसतो पाय मोडलो हा."

"इस्पितळात नाय," मी म्हणालो. "तुजी घराकडची भायर उबी आसा."

त्याचा विश्वास बसेना. "ती? हय? मुंबैत?"

आम्ही त्याला उचलून अंगणात आणले. फाटकाच्या गजांतून तिला तो दिसला. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतात, ते तेवढेच. त्या बाईने तिथे, शिपाई, डॉक्टर, मालक आणि तीस-बत्तीस मजुरांदेखत, नवऱ्याला त्याच्या नावाने हाक मारली. एकदा नव्हे, तीनदा. तो तिच्याकडे पाहून लहान मुलासारखा हसू आणि रडू लागला.

मजूर काम टाकून अंगणात जमले होते. दोघे जिवंत आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मी मालक आणि मुकादम यांना कचेरीत बसवून दाराशी शिपाई ठेवला आणि मगच त्या माणसांपुढे गेलो. या वेळी 'कोणाला जायचं आहे' असे विचारले नाही.

"शिमग्याक घराक कोण कोण जातला?" मी विचारले. "तेंनी पुढे येवचा."

पहिले पाऊल त्या म्हाताऱ्याने टाकले. मग त्याच्यामागून सगळी रांगच्या रांग पुढे आली. एकही माणूस मागे राहिला नाही. डॉक्टरने एकेकाची काख आणि गळा तपासला, कोणालाही रोग नव्हता. मी एकेकाचे नाव लिहून घेत होतो आणि नाव सांगताना माणसे माझ्या डोळ्यांत पाहून सांगत होती. माझ्या अंगावर तो पोशाख आहे याचा इतका अभिमान मला त्याआधी आणि त्यानंतर क्वचितच वाटला.

मॅजिस्ट्रेटने साक्षी लवकर घेतल्या, त्यामुळे बहुतेकांना शिमग्याच्या आधी बोट मिळाली. बाई मात्र नवऱ्याचा पाय बरा होईपर्यंत थांबली आणि साऱ्या तारखांना हजर राहिली. मालकांनी मोठा बॅरिस्टर दिला होता. त्याने तिला उलटतपासणीत विचारले, "तुला वाचता येत नाही. मग पत्र खोटं आहे हे तुला कळलं कसं?"

"वाचूक येत नाय," ती म्हणाली. "आयकूक येता."

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी ते उत्तर जसेच्या तसे उतरवून घेतले.

मुकादमाला सक्तमजुरी झाली. मालकांना दंड आणि थोडी कैद झाली. वरच्या कोर्टात त्यांची कैद सुटली, दंड राहिला. मला हे अपुरे वाटले, आजही वाटते. कारकुनाची नोकरी गेली. साहेबांनी स्वतः खटपट करून त्याला दुसरीकडे लावून दिले, आणि याबद्दल मी त्यांचा आदर करतो. पुढच्या वर्षी त्यातले पुष्कळ मजूर मुंबईत परत आले आणि आपल्या पसंतीच्या गिरण्यांत लागले. काहींनी लालबागेतून जाताना चौकीत डोकावून मला रामराम केला.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, माणसाला प्रश्न विचारण्याआधी त्याच्या आजूबाजूला कोण उभे आहे ते पाहा. गप्प बसलेला माणूस राजी आहे असे समजू नका. त्याच्या गप्प बसण्यामागे दुसऱ्या कोणाचा तरी जीव असू शकतो. आणि त्याची बोली येत असेल तर तीत बोला. कायद्याची भाषा मागाहून लिहिता येते.

आणखी एक गोष्ट सांगतो. खटल्याचा शेवटचा अहवाल मी लिहिला, त्यात पहिलेच वाक्य असे घातले : 'सदरहू गुन्ह्याचा तपास फिर्यादी बाईने चौकीवर येण्यापूर्वीच सुरू केला होता व त्यातील मुख्य पुरावा तिनेच गोळा केला.' साहेबांनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. यामुळे खात्याला कमीपणा येतो, म्हणाले, हे वाक्य खोड.

"साहेब, ते खरं आहे," मी म्हणालो.

साहेबांनी लेखणी शाईत बुडवली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि खाली सही केली. मला नोकरीत पुढे दोन शिफारसपत्रे आणि एक बक्षीस मिळाले. ती घरात कुठेतरी असतील. ते वाक्य मात्र सरकारी दफ्तरात न खोडलेले आहे, आणि ते माझ्या हातचे आहे.